जिन्याखाली वाइनच्या बाटल्या मांडायच्या आहेत, सल्ला हवा

कोपरापारखी:
घराचं काम चालू आहे. जिन्याखाली मीटरभर खोल, तिरकी पोकळी उरतेय. तिथे झाडू-बादल्या कोंबण्यापेक्षा वाइन मांडावी असं डोक्यात आहे. बाटल्या आडव्या, आत दिवे, पुढे काच. अडचण एवढीच की दुपारनंतर समोरच्या खिडकीतून ऊन थेट तिथे येतं. नवरा म्हणतो, वाइन नासेल. सुतार म्हणतो, काही होत नाही ताई. कोणाचं ऐकू?

टिवल्याबावल्या:
नवऱ्याचं. हे लिहायची संधी इथे क्वचित मिळते.

रंधा:
मीही लाकूडकामातलाच, पण इथे सुताराची बाजू घेता येत नाही. वाइन सजावटीला हवीय की वर्षानुवर्षं मुरवायला, हे आधी ठरवा. मुरवायची तर १२-१३ अंश सेल्सिअस आणि अंधार लागतो. तापमान सारखं वरखाली झालं की आतला द्रव फुगतो-आकसतो, बूच हलतं आणि हवा शिरते. उन्हाचं म्हणाल तर पारदर्शक बाटलीतली रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, सगळ्यात आधी जाते, उकडलेल्या कोबीसारखा वास मारते. गडद हिरवी काच जरा तग धरते, इतकंच.

म्हणून महागाची वाइन तिथे नकोच, ती वाइनच्या फ्रिजमध्ये. जिन्याखाली महिना-दोन महिन्यांत संपणाऱ्या ठेवा आणि खिडकीला जाड पडदा लावा. दिवे एलईडीच घ्या, हॅलोजन तापतात.

आता माप, कारण खरा घोळ तिथेच होतो. सरळ खांद्याची बोर्दो बाटली साधारण साडेसात सेंटीमीटर जाड, उतरत्या खांद्याची बरगंडी आणि शॅम्पेनची बाटली नऊच्या आसपास. सगळे कप्पे बोर्दोच्या मापाने केले की शॅम्पेन बाहेरच. भरलेली बाटली सव्वा किलोच्या घरात जाते, शॅम्पेन त्याहून जड. धातूच्या खुंट्यांवर टांगणार असाल तर नुसत्या जिप्सम बोर्डात स्क्रू मारू देऊ नका, मागे जाड प्लाय हवाच.

काच लावून आत थंडावा करायचा विचार असेल तर ते वेगळंच काम. यंत्राची गरम हवा बाहेर सोडायला वाट लागते, दुहेरी काच लागते, नाहीतर दमट दिवसांत काचेला घाम फुटतो आणि बाटल्या दिसतच नाहीत. पायऱ्यांच्या धडधडीने वाइन बिघडते असंही ऐकाल. महिन्याभरात प्यायच्या बाटलीसाठी ती चिंता मी करणार नाही.

कोपरापारखी:
पडदा पटला. तिरक्या टोकाला उंची फार कमी आहे. तिथे आडव्या, आणि उंच बाजूला फिरकीच्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तर?

रंधा:
चालेल. बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी ठेवतात, फिरकीच्या झाकणाला ती गरज नाही. उंच बाजूच्या फळीला पुढे बारीक पट्टी मात्र मारून घ्या, घरात मुलं असतील तर नक्कीच.

टिवल्याबावल्या:
आणि झाडू-बादल्या कुठे जाणार?