मदत हवी आहे : नौदलाच्या ‘सागर पवन’ या हवाई कसरतींच्या पथकाबद्दल

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. माझे काका नौदलात, गोव्याच्या ‘आयएनएस हंसा’ या हवाई तळावर विमानांच्या देखभालीला होते. ते गेल्यावर पत्र्याच्या पेटीत, जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक फोटो सापडला. चार ‘किरण’ जातीची प्रशिक्षण विमानं, पंखाला पंख लावून, आणि मागे त्यांच्या हाताने लिहिलेलं : ‘सागर पवन’.

हवाई दलाचं सूर्यकिरण सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा तळ बिदर तर आपल्या शेजारीच! पण नौदलाचं हे पथक २००३ साली उभं राहिलं, हे किती जणांना माहीत आहे? नौदलाचं असं कसरती पथक जगातही विरळाच. अमेरिकी नौदलाचं ब्लू एंजल्स १९४६ पासून आहे. आपल्या पथकाचं एक विमान मार्च २०१० मध्ये हैदराबादच्या प्रदर्शनात कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. काका त्या दिवशी जेवले नव्हते, एवढं मला आठवतं.

मला काकांच्या नातवंडांसाठी छोटी पुस्तिका करायची आहे. सोलापूर, पंढरपूर, बार्शी भागात नौदलाच्या विमान विभागातून निवृत्त झालेलं कुणी आहे का? सुरुवातीच्या वर्षांचे फोटो, कात्रणं, सरावाच्या आठवणी, काहीही चालेल. मी स्वतः घरी येऊन लिहून घेईन.