जमादार की हवालदार?

परभणीहून:
आजी टीव्हीवर सीआयडी बघत होती. खाकीतल्या एका शिपायानं साहेबासाठी दार उघडलं, तर म्हणाली, "जमादार लईच वाळकाय." पुण्याहून आलेली भाची फिस्सकन हसली. तिच्या मते जमादार म्हणजे झाडूवाला! आमच्याकडं तर ठाण्यातल्या हवालदाराला जमादारच म्हणतात, पेपरातही तसंच छापून येतं. चुकतंय कोण?

लातूरकर:
कोणीच नाही. भाचीचा जमादार हिंदीतला, आजीचा आपला. मूळ अर्थ तुकडीचा, जमावाचा प्रमुख. हिंदीत तो सफाई कामगाराला चिकटला, मराठवाड्यात वर्दीतच राहिला.

मला जास्त वाईट हवालदाराचं वाटतं. हवाला म्हणजे सोपवलेली गोष्ट. 'हवाली करणे' त्यातलंच, सिनेमातली 'हवालात'ही तीच. शिवकाळात गडाचा कारभार ज्याच्या हाती तो हवालदार, आणि पागेत (घोडदळात) 25 बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार. पडद्यानं त्याचं काय केलं? ढेरी सुटलेला, साहेबामागं 'जी सर, जी सर' करत पळणारा. शिवाय सिनेमात खालचा प्रत्येकजण हवालदारच. दंडावर तीन फिती असल्या तर हवालदार, दंड कोरा असेल तर शिपाई, एवढंही कुणी बघत नाही.

1975 च्या 'पांडू हवालदार'मुळं तर 'पांडू' हे अख्ख्या खात्याचं टोपणनाव झालं. दादा कोंडक्यांचा पांडू भोळा होता, आपला वाटायचा. आता चौकात कुणी 'ए पांडू' म्हणतं त्यात तो जिव्हाळा नसतो.

बीडवरून:
मग 'हवालदिल' पण त्यातलंच का? हवालदारानं धरल्यावर होतो तो 😀

लातूरकर:
नाही हो. तिथं 'हौल' म्हणजे धास्ती, आणि दिल. नुसता आवाज सारखा.

नांदेडकर:
फौजदाराबद्दल कुणीच बोलंना. आपल्याकडं पीएसआयला आजही फौजदार म्हणायलेत, पण पडद्यावर जो तो 'इन्स्पेक्टर'. 'अर्धसत्य'मधला वेलणकर सब-इन्स्पेक्टर, म्हणजे खांद्यावर दोन तारे, म्हणजे चक्क फौजदार. लोकांच्या लक्षात मात्र इन्स्पेक्टर म्हणूनच.

अन् 'एसीपी' (सहायक पोलीस आयुक्त) तर आपल्यासाठी निव्वळ टीव्हीचा शब्द. ते पद पोलीस आयुक्तालयात असतं, आणि मराठवाड्यात आयुक्तालय एकच, संभाजीनगरला. बाकी जिल्ह्यांत त्या तोलाचा माणूस म्हणजे उपअधीक्षक, आपल्या बोलीत 'डीवायएसपी'. तरी गल्लीतलं शेंबडं पोरगंही सीआयडीतल्या एसीपी प्रद्युम्नला ओळखतं.

निजामाच्या राज्यात ठाण्याच्या अधिकाऱ्याला अमीन म्हणायचे. माझे आजोबा 'अमीनसाब' म्हणताना आवाज आपोआप खाली आणायचे. पुढं 1948 च्या सप्टेंबरात भारतीय लष्कर आलं, पाच दिवसांत निजाम शरण गेला, आणि त्या लष्करी कारवाईचं नाव काय, तर 'पोलीस ॲक्शन'. जुनी माणसं अजून वय सांगतात ते 'पोलीस ॲक्शनच्या साली मी एवढी होते' असंच. रणगाड्यांना पोलीस म्हणणारा प्रदेश आहे हा, जमादाराला काय घेऊन बसलात!

हिंगोलीकर:
'सटकली' राहिलं. 'सिंघम'नं 'आता माझी सटकली' देशभर नेलं, हिंदीवाले सुद्धा मराठीतच म्हणतात. आमच्याकडं सटकणं म्हणजे हळूच पळ काढणंही असतं. पोलीस दिसल्यावर बहुतेकांची तीच सटकते.

परभणीहून:
नांदेडकरांचं वाचून काल आजीला विचारलं, एसीपी प्रद्युम्न कोण गं? म्हणाली, "त्यो अमीनसाब. अन् ते दार मोडतंय ना, ते जमादार."