बी.व्ही.एस्सी. पहिलं वर्ष: डेंग्यूमुळे प्रॅक्टिकलची हजेरी ६७ टक्क्यांवर, आता काय करता येईल?

गोधनी_लाईन

नमस्कार. नागपूरला बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पशुवैद्यकीय पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. डेंग्यू आणि त्यानंतरच्या अशक्तपणात बरेच वर्ग बुडाले. आजची स्थिती अशी: ॲनाटॉमी थिअरी ७२ पैकी ५५, ॲनाटॉमी प्रॅक्टिकल ६४ पैकी ४३, फिजिऑलॉजी थिअरी ७० पैकी ४९. बायोकेमिस्ट्री आणि एल.पी.एम. (पशुधन उत्पादन व्यवस्थापन) ७५ टक्क्यांच्या वर आहेत.

मेडिकल सर्टिफिकेट दिलं की हजेरी भरून निघते का? नाही निघाली तर कंपार्टमेंटला बसता येतं का? हाडांची प्रॅक्टिकलं बुडाली, ती मित्राच्या जर्नलवरून होतील का? आणि एक वेगळंच: सीनियर म्हणतात रेबीजची लस क्लिनिक सुरू झाल्यावर घ्यायची, आत्ता घाई नाही. हे बरोबर आहे का? घरी अजून काही सांगितलं नाही, रात्री झोप लागत नाही, टेन्शन येऊन राहिलं.

रजिस्टर_बघा

आधी हिशोब, मग अर्ज. परीक्षेला बसायला हजेरी ७५ टक्के लागते, थिअरीत वेगळी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगळी. ॲनाटॉमीचे दोन्ही मिळून १३६ पैकी ९८ म्हणजे ७२ टक्के होतात, पण त्या आकड्याला काही अर्थ नाही. थिअरीत तुम्ही सुटलात, प्रॅक्टिकलमध्ये अडकलात.

सोपं गणित सांगतो. आजवर झालेल्या वर्गांचे ७५ टक्के काढा, त्यातून तुमची हजेरी वजा करा, जी तूट येईल तिला ४ ने गुणा. तेवढे वर्ग ओळीने, एकही न चुकवता केले की तुम्ही बरोब्बर ७५ वर येता. चारनेच का? हजर राहिलेला प्रत्येक वर्ग तुमच्या खात्यात १ टाकतो, पण त्याच वर्गामुळे गरजही पाऊणने वाढते. हाती राहतो पाव.

तुमच्या ॲनाटॉमी प्रॅक्टिकलला ६४ चे ७५ टक्के ४८. तूट ५, म्हणजे ओळीने २० प्रॅक्टिकलं. फिजिऑलॉजीला ७० चे ५२.५, तूट साडेतीन, म्हणजे ओळीने १४ लेक्चर. ते जमेल. ॲनाटॉमीत वर्षअखेरपर्यंत २० पेक्षा कमी प्रॅक्टिकलं उरली असतील तर सगळी केली तरी ७५ होत नाहीत. म्हणून आजच विभागात जाऊन विचारा की नेमकी किती उरलीत. रजिस्टरवर प्रॅक्टिकल तासांनी मोजतात की सत्रांनी तेही बघून घ्या, दोन तासांचं एक सत्र कुणी दोन धरतं, कुणी एक. मुलांच्या डायरीतला आकडा आणि रजिस्टरचा आकडा बहुतेक वेळा इथेच फाटतो.

आता सर्टिफिकेट. गैरहजेरीचं कारण खरं होतं एवढंच ते सांगतं. 'गैर' चं 'हजर' त्याने होत नाही. तरी ते आजच द्या, कारण पुढे कुठलीही सवलत मागायची वेळ आली तर 'तुम्ही कधी कळवलं?' हा पहिला प्रश्न येतो. सोबत डिस्चार्ज कार्ड, डेंग्यूच्या एन.एस.१ किंवा आय.जी.एम. तपासणीचा रिपोर्ट, प्लेटलेटचे तारखांसह आकडे आणि फिटनेस सर्टिफिकेट जोडा. अर्ज सहयोगी अधिष्ठात्यांच्या नावाने, वर्गशिक्षक आणि विभागप्रमुखांमार्फत. दोन प्रती करा, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. व्हॉट्सॲपवर सरांना फोटो पाठवणं म्हणजे अर्ज नव्हे.

अर्जात 'हजेरी माफ करावी' असं लिहू नका. तीन ओळींचा तक्ता द्या: विषय, झालेले वर्ग, हजर. मग लिहा की उरलेले सर्व वर्ग मी करणार आहे, बुडालेल्या प्रॅक्टिकलसाठी विभागाने जादा सत्रं लावली तर त्यांना हजर राहीन. मोघम दयेचा अर्ज फाइलमध्ये पडून राहतो. नेमक्या मागणीवर शेरा मारावाच लागतो.

असे अर्ज फसतात ते दोन ठिकाणी. एक, परीक्षेपासून थांबवलेल्यांची यादी लागते आणि सर्टिफिकेटवर त्यानंतरची तारीख असते. दोन, ज्या तारखांना दवाखान्यात भरती दाखवलंय त्याच तारखांना कुण्या मित्राने प्रेमाने प्रॉक्सी मारलेली असते. मग आजार खरा असूनही कागद खोटा ठरतो आणि प्रकरण शिस्तीकडे वळतं. तारखा जुळवून बघा.

हाडांची_खोली

कंपार्टमेंट ही परीक्षेला बसून नापास झालेल्याची दुसरी संधी असते. हजेरी नाही म्हणून बसूच न दिलेल्याने तिला पळवाट समजू नये. आणि जुन्या बॅचचे सल्ले जरा चाळून घ्या. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २००८ च्या नियमांत सेमिस्टर होतं, २०१६ च्या नियमांत वार्षिक पद्धत आली. आता पहिली तीन वर्षं १२-१२ महिन्यांची, चौथं १८ महिन्यांचं, त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप. तेव्हा अडकलं तर सहा महिने जायचे, आता अख्खं वर्ष जातं.

हाडं जर्नलवरून होत नाहीत. चित्र एकाच बाजूने दिसतं आणि स्पॉटिंगला (बघून ओळखायच्या परीक्षेत) हाड टेबलावर पालथं ठेवलेलं असतं. विभागात विनंती करून बोन रूममध्ये बसा आणि प्रत्येक हाडाला याच क्रमाने चार प्रश्न विचारा: कोणतं हाड, कोणत्या प्राण्याचं, डावं की उजवं, आणि हे कशावरून. बहुतेकांचे गुण तिसऱ्या प्रश्नावर जातात.

स्कॅप्युला (खांद्याचं पातं) घ्या. ग्लेनॉइड (सांध्याची खोबण) खाली, स्पाइन (उभा कंगोरा) बाहेरच्या बाजूला, सुप्रास्पायनस फॉसा (कंगोऱ्यापुढचा खोलगट भाग) पुढे. गाईत हा पुढचा फॉसा अरुंद आणि मागचा रुंद असतो, त्यावरून पुढचं-मागचं कळतं आणि बाजू आपोआप ठरते. ॲक्रोमियन (स्पाइनच्या खालच्या टोकाचा पुढे आलेला भाग) गाईत असतं, घोड्यात नसतं. फीमरला (मांडीच्या हाडाला) हेड आतल्या बाजूला, ट्रॉक्लिया (गुडघ्याच्या वाटीची खाच) पुढे, कॉन्डाइल (सांध्याचे गोल उंचवटे) मागे. बाहेरच्या कडेला तिसरा ट्रोकँटर (स्नायू चिकटायचा उंचवटा) ठळक दिसला की घोडा, गाईत तो नाही. गाईचं मोठं मेटाकार्पल (पुढच्या पायाची नळी) म्हणजे तिसरं आणि चौथं जोडून झालेलं, समोरच्या उभ्या खाचेवरून ओळखू येतं आणि खालच्या टोकाला दोन कॉन्डाइल असतात.

मणके आकड्यांनीच पाठ करा: गाय मान ७, पाठ १३, कंबर ६, त्रिक ५. घोडा ७, १८, ६, ५. कुत्रा ७, १३, ७, ३. पाठीच्या आकड्यातूनच बरगड्यांच्या जोड्याही मिळतात, वेगळं पाठांतर नको. गाईचे दात ३२, वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत, तिथे डेंटल पॅड (कडक हिरडी). व्हायव्हात हे 'सोपं' म्हणून विचारतात आणि मुलं इथेच घुटमळतात.

डिसेक्शन हॉलमध्ये आजारानंतर पहिले काही दिवस फॉर्मॅलिनचा त्रास जास्त जाणवेल. खिडकीकडची जागा घ्या, डोळ्यांना चष्मा लावा, हातमोजे नायट्राइलचे वापरा. कॉन्टॅक्ट लेन्स तिथे अजिबात नको.

टोचून_घ्या

सीनियरांचा लशीबद्दलचा सल्ला चूक आहे. एल.पी.एम.च्या प्रॅक्टिकलला पहिल्या वर्षापासून जनावर हाताळता. शिवाय कॅम्पसमधलं कुत्रं काही तुम्ही कितव्या वर्षाला आहात ते विचारून चावत नाही.

चावण्याआधीचा कोर्स तीन डोसांचा: दिवस ०, दिवस ७, आणि दिवस २१ किंवा २८. म्हणजे पूर्ण व्हायला तीन-चार आठवडे लागतात, क्लिनिकच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही. दंडात घ्यायची की कातडीत ०.१ मिली, ते देणारे डॉक्टर ठरवतील. डेंग्यूतून नुकते उठलात हे मात्र त्यांना सांगा. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत चौकशी करा. कॉलेजमार्फत अख्ख्या बॅचची लस करून घेता आली तर अधिक बरं, कातडीतल्या लशीत एका कुपीत अनेकांचं भागतं.

फायदा काय? हा कोर्स झालेल्याला पुढे चावा बसला तर दोनच डोस, दिवस ० आणि ३, आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. कोर्स न झालेल्याला रक्त निघालेल्या चाव्यात जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, वर लशीच्या चार-पाच फेऱ्या. लस झालेली असो वा नसो, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचंच. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. लसीकरणाचं कार्ड मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, 'तीन डोस झाले' हे तोंडी कोणी धरत नाही.

पशुवैद्यकाला रेबीजचा धोका कुत्र्याबरोबरच गाईकडूनही असतो, हे पहिल्या वर्षात फारसं कोणी सांगत नाही. गाय लाळ गाळते, चारा गिळत नाही, वेगळ्याच आवाजात हंबरते. मालक म्हणतो घशात काहीतरी अडकलं. विद्यार्थी उघडा हात कोपरापर्यंत तोंडात घालतो. गाईच्या दातांनी खरचटलेल्या हाताला ती लाळ लागली की झाला संपर्क. रेबीज नाही अशी खात्री होईपर्यंत तोंडात हात नाही, आणि घालावाच लागला तर हातमोजा, माऊथ गॅग (तोंड उघडं ठेवायचं साधन) आणि वरिष्ठ सोबत हवेत.

हाच नियम वार अडकलेल्या आणि गाभडलेल्या गाईला: खांद्यापर्यंतचा हातमोजा, नाहीतर ब्रुसेला (गाईंत गर्भपात घडवणारा, माणसालाही लागणारा जंतू). कालवडींना ब्रुसेलाविरुद्ध देतात ती एस-१९ लस जिवंत जंतूंची असते. तिची सुई स्वतःला टोचली तर 'लसच तर आहे' म्हणून गप्प बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना लशीचं नाव सांगा. वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका, बऱ्याच टोचण्या टोपण लावतानाच होतात.

गोधनी_लाईन

सगळ्यांचे आभार. विभागात विचारून आलो. सत्रांनीच मोजतात, आणि ॲनाटॉमीची २२ प्रॅक्टिकलं उरलीत. म्हणजे होतं, पण एकही चुकवायचं नाही, बरोबर? अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला.

रजिस्टर_बघा

बरोबर. ८६ पैकी ६५ म्हणजे ७५.६. एक चुकलं तर ७४.४, गेलं. जादा दोन सत्रं मिळाली तर एकूण ८८ होतात आणि ६६ लागतात, म्हणजे एका ताप-सर्दीपुरती जागा राहते. ती मागणी एकट्याने नको. डेंग्यू काही तुम्हा एकट्यालाच झाला नसेल, तुमच्यासारखे जे चार-पाच असतील त्यांनी मिळून विभागप्रमुखांना भेटा. स्पोर्ट्स, गॅदरिंग, एन.एस.एस. यांच्या तारखाही आत्ताच बघून ठेवा.

मायबाप_वसतिगृह

अभ्यासाचं वरच्यांनी सांगितलं, मी बाकीचं सांगतो. घरी आज सांगा. वर्ष जाण्याची शक्यता निकालाच्या दिवशी कळण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी, आणि पैशाचा हिशोब घरच्यांनाच करायचा असतो. झोप आठवड्यापेक्षा जास्त उडाली असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, मोफत, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. आपल्या सल्लागार शिक्षकांनाही हे सांगायला लाजू नका, हजेरीच्या अर्जाइतकंच ते कामाचं आहे.

हजेरी कमी म्हणून सीनियर कुणी 'काम करून दे, मी सांगतो सरांना' असं म्हणत वेठीला धरत असेल तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. देशपातळीवरची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आजारपणात राहून गेला असेल तर तो आधी बघा. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकते, आणि हे बँकेत दहा मिनिटांचं काम आहे.

हाडांची_खोली

एक राहिलं. इंटर्नलचे गुण बोर्डावर लागले की त्याच दिवशी फोटो काढा आणि आपल्या पेपरशी ताळा करा, बेरजेच्या चुका तेव्हाच सहज दुरुस्त होतात. वार्षिक परीक्षेत गुणांबद्दल शंका आली तर फेरतपासणीचा अर्ज दिलेल्या मुदतीतच भरा. तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत माहिती अधिकारात मिळते, सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय आहे. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीचे पानाला २ रुपये. पण तिथे उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि फेरतपासणीची खिडकी त्याआधीच बंद झालेली असते. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका.