मोठ्या सावजासाठी एकच रायफल : .३०-०६ पुरेशी आहे का?

एकनळी (धागाकर्ता)

हरणापासून मूसपर्यंत (मूस म्हणजे उत्तरेकडचे प्रचंड मोठे हरीण) सगळ्या मोठ्या सावजांसाठी एकच रायफल बाळगायची झाली, तर ती .३०-०६ स्प्रिंगफील्ड काडतुसाची (.३० म्हणजे कॅलिबर, नळीचा इंचांतला व्यास) बोल्ट-अ‍ॅक्शन (हाताने बोल्ट, म्हणजे खिटी, मागेपुढे ओढून काडतूस भरायची) रायफल असावी, असे माझे मत आहे आणि ते खोडून काढले जावे म्हणूनच मी ते इथे मांडत आहे. १९०६ साली अमेरिकी लष्करासाठी तयार झालेले हे काडतूस शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले, ते केवळ लोकांच्या सवयीमुळे नव्हे. त्याची पुंगळी (दारू भरलेले पितळी कवच) ६३ मिलिमीटर लांब असल्यामुळे तिच्यात १५० ग्रेनपासून २२० ग्रेनपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ९.७ ते १४.३ ग्रॅम वजनाच्या गोळ्या नीट बसतात. उघड्या माळावरच्या हरणासाठी हलकी आणि दाट झाडीतल्या एल्क या मोठ्या हरणासाठी जड, ही दोन्ही कामे एकाच नळीतून होतात. १८० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने बाहेर पडते आणि त्या क्षणी तिच्यात सुमारे ३,९०० जूल ऊर्जा असते. नेम २०० यार्डांवर बसवला असेल, तर ३०० यार्डांवर ती जेमतेम वीतभर खाली लागते, आणि धाप लागलेली असतानाही लक्षात राहील असे हे गणित आहे.

१९५२ साली आलेले .३०८ विंचेस्टर याच्या जवळपास पोहोचते, अ‍ॅक्शन (काडतूस भरून झाडणारी यंत्रणा) आखूड असल्याने रायफलही थोडी हलकी होते, पण पुंगळी १२ मिलिमीटरने आखूड असल्यामुळे जड गोळ्यांना तिथे जागा कमी पडते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत गेले तेव्हा त्यांच्याजवळही .३०-०६ची स्प्रिंगफील्ड होतीच.

पाणवठा

रूझवेल्टांचा दाखला आपण अर्धाच दिलात. त्याच सफरीत त्यांच्याबरोबर .४०५ची विंचेस्टर आणि हॉलंड अँड हॉलंडची जड दुनळीही होती, आणि गेंडा किंवा हत्ती समोर असताना स्प्रिंगफील्डवर भिस्त ठेवण्याचा त्यांचा विचार नव्हता. ज्या माणसाला तीन रायफली लागल्या, तो एका रायफलीच्या बाजूचा साक्षीदार कसा?

‘सर्वोपयोगी’ हा शब्द वापरायचा असेल, तर त्यात केप म्हैस, म्हणजे आफ्रिकेतली रानम्हैसही धरावी लागेल, आणि ती धरली की .३०-०६ बाद होते. आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक सावजासाठी .३७५ ही किमान मर्यादा मानली जाते, काही ठिकाणी तर तसा कायदाच आहे. १९१२ साली आलेले .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७६० मीटर वेगाने फेकते. ऊर्जा ५,६०० जुलांच्या पुढे जाते. जड काडतूस म्हणजे गोळीचा लवकर खाली झुकणारा मार्ग, हा समजही इथे लागू पडत नाही, कारण या .३७५च्या गोळीचा मार्ग आपल्या १८० ग्रेनच्या गोळीच्या बराच जवळून जातो. मोठ्या काडतुसाने लहान सावज मारता येते, पण लहान काडतुसाने अंगावर येणारी म्हैस थांबवता येत नाही. आता कोणीतरी स्कॉटिश शिकारी बेल यांचे नाव काढील, की त्यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक ७×५७ माउझरसारख्या लहान काडतुसाने. ते खरेच आहे, पण बेल यांनी हत्तीची कवटी उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिले होते, आणि न फुटणारी लांब घन गोळी ते तिथेच घालत असत. वर्षातून आठ दिवस रानात जाणाऱ्याने तो कित्ता गिरवू नये.

डावा डोळा

दोघेही काडतुसांची वंशावळ सांगत आहात. चाप ओढणाऱ्या माणसाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. सारख्याच वजनाच्या रायफलीत .३७५चा धक्का .३०-०६च्या जवळजवळ दुप्पट असतो. मी एका मित्राची .३७५ घेऊन टेबलावरून नेम बसवायला बसलो होतो. दस्ता खांद्यात नीट रुतवला नाही, मान जरा पुढे गेली, आणि पहिल्याच बाराला रायफलीवरच्या दुर्बिणीच्या कडेने भुवईवर चंद्रकोर कोरली. रक्त पुसून आणखी सहा बार काढले. सातव्या वेळी मित्राने मला न सांगता सरावाचे, दारू नसलेले काडतूस भरले होते. चाप ओढल्यावर नुसती ‘टक’ झाली, पण नळीचे टोक मात्र चांगले दोन बोटे खाली गेले. म्हणजे आधीच्या बारांनाही मी डोळे मिटून, अंग चोरून चाप ओढत होतो आणि दोष दुर्बिणीला देत होतो.

स्वीडन-नॉर्वेत मूसची शिकार पिढ्यानपिढ्या ६.५×५५ने होत आली आहे, आणि ते १८९४ सालचे, सौम्य धक्क्याचे काडतूस आहे. फुप्फुसात नेमकी बसलेली १४० ग्रेनची लांब गोळी पोटात बसलेल्या ३०० ग्रेनच्या गोळीपेक्षा जनावराला लवकर आणि कमी यातना देऊन पाडते. शिवाय गोळीची घडण हा मुद्दा आपण दोघांनीही वगळला. जॉन नोस्लर यांच्या गोळ्या १९४६ मध्ये कॅनडात एका मूसच्या चिखलाने माखलेल्या जाड कातडीतून आत पुरेशा शिरल्या नाहीत, म्हणून त्यांनी मधोमध पडदा असलेली गोळी घडवली आणि १९४८ मध्ये ती विक्रीला आणली. तिचा पुढचा भाग फुलतो आणि मागचा अखंड राहून खोल जातो. त्यांनी कॅलिबर बदलून प्रश्न सोडवला नाही, हे लक्षात घ्यावे.

पाणवठा

भुवईची जखम ही .३७५ची नसून चुकीच्या जागी बसवलेल्या दुर्बिणीची आहे. डोळा आणि काच यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर राहील अशी दुर्बीण आणि खांद्याच्या मापाचा दस्ता असला, तर चार-सव्वाचार किलोची .३७५ उभ्याने झाडताना सहन होते. टेबलावरून मात्र कोणतीही जड रायफल छळतेच. अंग चोरण्याची सवय .२२ रिमफायरसारख्या लहान, सौम्य काडतुसाच्या सरावाने आणि जड रायफलीवर काडतुसाविना चाप ओढण्याच्या कोरड्या सरावाने मोडता येते. अपुरी ताकद मात्र सरावाने वाढत नाही.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. रायफल कोणतीही घ्या, पण माउझर ९८ या जुन्या जर्मन लष्करी रायफलीच्या धर्तीवर काडतुसाची कड मॅगझिनमधून वर येतानाच बोल्टच्या पंज्यात धरणारी घ्या. घाईत बोल्ट अर्धाच मागे ओढला गेला, तर असा पंजा सहसा दुसरे काडतूस पहिल्याच्या बुडावर आदळू देत नाही. .३७५चे काडतूस लांब असल्याने बोल्टही लांब ओढावा लागतो, आणि ही चूक तिथेच जास्त होते, हे मीच कबूल करतो.

एकनळी (धागाकर्ता)

म्हैस माझ्या यादीत नाही, हे मी पहिल्याच वाक्यात ‘हरणापासून मूसपर्यंत’ असे लिहून स्पष्ट केले होते. आयुष्यात एकदा म्हशीमागे जायचेच झाले, तर ज्याच्याबरोबर जायचे त्या व्यावसायिक शिकाऱ्याकडून .३७५ मागून घ्यावी आणि आधी त्याच रायफलीने पन्नासएक बार काढावेत. त्या एका दिवसासाठी उरलेली सगळी वर्षे तिचे वजन डोंगर चढताना वाहू नये.

डावा डोळा यांचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो, आणि तो .३०-०६लाही लागू आहे. कित्येकांना तीही जड जाते. अशांनी १८० ऐवजी १५० ग्रेनच्या चांगल्या घडणीच्या गोळीने सुरुवात करावी, रायफल दुर्बिणीसह पावणेचार किलोच्या खाली नेऊ नये, कारण हलकी रायफल खांद्यावर घेताना सुखाची आणि झाडताना दुष्ट असते, आणि सरावात अधूनमधून ते रिकामे काडतूस कोणाकडून तरी गुपचूप भरवून घ्यावे. मी काल तसे करून पाहिले. नळी दोन बोटे नाही, पण बोटभर खाली गेलीच.