मदत हवी आहे: योसेमिटीला आई-बाबांना घेऊन कॅम्पिंग, दोन रात्री की चार?

नमस्कार मंडळी,

योसेमिटीला (कॅलिफोर्नियातलं राष्ट्रीय उद्यान) ज्येष्ठ मंडळींना घेऊन तंबूत राहिलेलं कोणी इथे असेल तर प्लीज सल्ला द्या, आणि जरा लवकर द्या, कारण काय ते मला याच आठवड्यात ठरवायचंय.

आमच्याकडे योसेमिटीच्या दरीतल्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडचं बुकिंग आहे, जूनचा शेवटचा आठवडा, बुधवार ते रविवार, चार रात्री. तिथलं बुकिंग चार-पाच महिने आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं, त्यामुळे फेब्रुवारीच्या १५ तारखेला सकाळी सातच्या ठोक्याला नवरा आणि मी दोघं लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि जे मिळालं ते घेऊन टाकलं. तेव्हा आई-बाबांची तिकिटंही झाली नव्हती. आता दोघं नाशिकहून आलेत आणि आमच्याबरोबर येणार आहेत, म्हणजे आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि आई-बाबा असे पाच जण. एका साइटवर (तंबूच्या जागेवर) सहा जण चालतात, तिथे अडचण नाही. प्रश्न आहे तो चारही रात्री राहायचं की दोन रात्री सोडून द्यायच्या हा.

नवरा म्हणतो दोन रात्री भरपूर. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण तो आईचा विचार करून बोलतोय. आई ६७ वर्षांची, आयुष्यात कधी तंबूत झोपलेली नाही, रात्री दोनदा तरी उठावं लागतं आणि जमिनीवरून उठताना कशाचा तरी आधार लागतो. शिवाय घाटात तिला गाडी लागते. तिला विचारलं की म्हणते "तुम्ही ठरवाल तसं, माझं काही नाही". हे ऐकलं की मला जास्तच काळजी वाटते, कारण त्रास झाला तरी ती तिथे तोंडातून शब्द काढणार नाही.

आणि बाबा! बाबा ७१ चे. सगळं आयुष्य सह्याद्रीत भटकण्यात गेलं, हरिहरच्या पायऱ्या चढलेला, कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघितलेला माणूस. आता गुडघ्यांमुळे उतार झेपत नाही, चढ अजून हळूहळू चढतात. एल कॅपिटनबद्दल इतकं वाचून आलेत की मलाच शिकवतात. सरळसोट तीन हजार फुटांची कातळभिंत आहे, ती चढायला लोकांना कित्येक दिवस लागतात आणि रात्री भिंतीलाच टांगून झोपतात हे त्यांना पाठ आहे. परवा विचारत होते, "खालून ते दिसतात का गं? रात्री त्यांचे दिवे दिसतात म्हणे." दिसतात. एल कॅपिटन मेडोमध्ये, म्हणजे कड्याखालच्या कुरणात, अंधार पडल्यावर उभं राहिलं की कड्यावर मध्येच कुठेतरी हेडलॅम्पचे बारीक ठिपके दिसतात. मला बाबांना तिथे फोल्डिंगची खुर्ची आणि दुर्बीण देऊन अख्खी दुपार आणि संध्याकाळ बसू द्यायचंय. गाडीतून उतरा, फोटो काढा, चला पुढे, असं मला त्यांच्या बाबतीत करायचं नाहीये. हे पुन्हा कधी जमेल ते सांगता येत नाही, त्यांचं पुढच्या वेळचं यायचं काही नक्की नाही.

आता माझा हिशोब सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून ओकडेल, ग्रोव्हलँड करत चार तास धरतात, आईसाठी थांबत थांबत गेलो तर पाच-सहा. साइट दुपारी बारानंतर मिळते. म्हणजे बुधवार तंबू ठोकण्यात आणि खिचडी करण्यात गेला. दोनच रात्री राहिलो तर पूर्ण दिवस एकटा गुरुवार हातात राहतो, शुक्रवारी बारापर्यंत साइट रिकामी करायची. बरं, दरीच्या बाहेरचं सगळं लांब आहे. ग्लेशियर पॉइंट (वरून दरी दिसते ती जागा) एक तास, मॅरिपोसा ग्रोव्ह सव्वा तास, टुओलमी मेडोज (उंचावरची कुरणं) दीड तास, आणि हे एका बाजूचं, सगळे वळणांचे रस्ते. आईला एका दिवसात एकच घाट, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचंच नाही, असं ठेवलं तरच तिला ते सोसवेल. मग दोन रात्रींत एक तर ग्लेशियर पॉइंट होईल नाहीतर बाबांचं एल कॅपिटन नीट होईल. मॅरिपोसाची सिकोया झाडं दोघांनाही बघायचीत, त्यातला ग्रिझली जायंट तीनेक हजार वर्षांचा आहे म्हटल्यावर आई पहिल्यांदा स्वतःहून "ते बघूया" म्हणाली, तर ते मी कसं गाळू?

दुसरी बाजू अशी की चार रात्री म्हणजे चार दिवस अंघोळीसाठी करी व्हिलेजला (दरीतलीच राहण्या-खाण्याची वस्ती) जायचं, अपर पाइन्सला फ्लशची टॉयलेट्स आणि पाणी आहे पण शॉवर नाहीत. शुक्रवार-शनिवारी गर्दी किती वाढते ते सगळ्यांना माहीत आहे. आणि अस्वलांमुळे वासाची प्रत्येक वस्तू लोखंडी लॉकरमध्ये ठेवायची, गाडीत रात्री काही ठेवायचं नाही. आईच्या एका पिशवीत बाम, खोबरेल तेल, बडीशेप, लेकीसाठी केलेले लाडू आणि मेतकुटाची बरणी आहे, यातलं काहीही तंबूत चालणार नाही, रात्री डोकं दुखलं तरी बामासाठी बाहेर लॉकरपर्यंत जायचं. तिला हे सगळं समजावलंय, पण चार रात्री हे रोज करणं जड जाईल का?

तर विचारायचंय ते असं की कोणी सत्तरीच्या आसपासच्या माणसांना घेऊन तिथे तीन-चार रात्री राहिलंय का, तिसऱ्या दिवशी ती थकली की उलट रुळली? कमी करायच्या तर सुरुवातीच्या रात्री सोडू की शेवटच्या? रात्री दरीत थंडी कितपत असते, आईला थंडी बाधते. पैशांचा मुद्दा नाहीये, एका रात्रीचं भाडं हॉटेलच्या मानाने काहीच नाही. पण राहणार नसू तर जागा वेळेवर सोडावी असं मला मनापासून वाटतं, कोणीतरी रोज बुकिंगची वेबसाइट रिफ्रेश करत बसलेलं असतं.

प्रतिसाद १

ताई, आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, वयं साधारण अशीच. माझा अनुभव असा की पहिली रात्र वाईट जाते, कुणालाच झोप लागत नाही, दुसऱ्या रात्री लागते. दोनच रात्री राहिलात तर जरा सवय झाली की लगेच सामान आवरायचं, म्हणजे त्रास सगळा भोगला आणि मजा दुसऱ्यांसाठी सोडली. तीन रात्री ठेवा, बुध-गुरु-शुक्र, आणि शनिवारी सकाळी लवकर निघा. त्या वेळी अख्खं जग आत येत असतं आणि तुम्ही बाहेर पडत असता, रस्ता मोकळा मिळतो. शनिवारची रात्र आत्ताच सोडून द्या, वीकेंडची रात्र आहे, लगेच कोणीतरी घेईल.

आणि दरीतच इतकं आहे की रोज गाडी काढायची गरज नाही. गाडी साइटवर ठेवायची, शटल फुकट आहे. लोअर योसेमिटी फॉलचा रस्ता सपाट आहे, जूनअखेर धबधब्याला पाणी असतं, ऑगस्टमध्ये गेलं तर नुसता कोरडा कातळ बघायला मिळतो. मिरर लेकपर्यंत डांबरी रस्ता आहे, आई आरामात चालतील. बाबांना मिस्ट ट्रेलवर फक्त लाकडी पुलापर्यंत न्या, तिथून व्हर्नल फॉल दिसतो. पुढे दगडी पायऱ्या आहेत, सहाशेच्या वर, ओल्या असतात, चढायचा मोह होईल त्यांना पण उतरताना गुडघ्यांची वाट लागेल. लेकीला नदीत पाय सोडू देऊ नका, बर्फाचं पाणी असतं आणि ओढ दिसते त्यापेक्षा जास्त असते.

प्रतिसाद २

आईंसाठी करी व्हिलेजला कॅनव्हासच्या तंबूत खाटा असलेली जागा बघा ना. अपर पाइन्सहून चालत जाता येतं. दिवसभर तुमच्या साइटवर, झोपायला तिकडे. मग चार रात्रीही जातील.

टुओलमी मात्र या खेपेला गाळा असं सुचवेन. साडेआठ हजार फुटांवर आहे, जूनअखेर डास फार असतात आणि एवढा घाट आईंना कशाला. दरी चार हजार फुटांवर आहे, तिथे रात्री दहा अंश सेल्सिअसच्या आसपास धरा. कानटोपी, मोजे आणि घरचं पांघरूण न्या, स्लीपिंग बॅगमध्ये चेनने बंद होऊन झोपणं आपल्या आयांना आवडत नाही, त्यांना गोधडीच लागते.

प्रतिसाद ३

रात्रींचं माहीत नाही पण बाबांसाठी एक सांगतो. एल कॅपिटनच्या पुलापाशी उन्हाळ्यात आस्क अ क्लाइंबर म्हणून कार्यक्रम असतो, तिथे मोठ्या दुर्बिणी लावलेल्या असतात आणि स्वतः चढाई करणारे लोक समजावून सांगतात, कोण कुठे आहे, कुठल्या वाटेने चाललंय. भाषेची अडचण वाटत असेल तर तुम्ही सोबत राहा. वेळ तिथे गेल्यावर विचारून घ्या.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप उपयोग झाला. काल रात्री जेवताना आईसमोर तीन रात्रींचा विषय काढला आणि तिला ठरवायला सांगितलं नाही, तर नुसतं विचारलं की तुला तिथे कशाची भीती वाटते. तर म्हणाली झोपेचं काही नाही, अंधारात एकटीने टॉयलेटला जायचं त्याची वाटते, आणि कुणाला उठवायचं जिवावर येतं. म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको गाद्यांवर चर्चा करत बसलो होतो आणि खरी गोष्ट वेगळीच होती. करी व्हिलेजला खाट मिळेल पण बाथरूम तिथेही बाहेरच आहे, त्यामुळे तो विचार सोडला. मी आईच्या तंबूत झोपणार, बाबा, नवरा आणि लेक दुसऱ्या तंबूत. लेक या व्यवस्थेवर खूश आहे, आजोबा गोष्टी सांगणार म्हणून.

तर ठरलं असं: बुध, गुरु, शुक्र राहायचं. गुरुवारी गाडी काढायचीच नाही, सकाळी शटलने धबधबा आणि दुपारनंतर शटलनेच एल कॅपिटन, दिवे दिसेपर्यंत. शुक्रवारी फक्त ग्लेशियर पॉइंट. मॅरिपोसा ग्रोव्ह शनिवारी निघताना दक्षिणेकडच्या गेटने बाहेर पडताना करू, तसा परतीचा रस्ता लांबतो पण घाट एकदाच लागतो. शनिवारची रात्र आज सकाळी सोडली, दहा डॉलर कापले, बाकी परत आले.

आता एकच विचारायचंय. आईसाठी उंच पायांची फोल्डिंग खाट घ्यायचीय, बसल्या जागेवरून उठता येईल इतकी उंच, आणि तिच्या शेजारी माझी साधी गादी. चार माणसांच्या डोम तंबूत अशी खाट घालून कोणी बघितलीय का, कडेला कापड डोक्याला लागतं का? आणि खाटेखालून गार वारा येतो म्हणतात, त्यावर खाली काय घालता?