प्रति: एक्सपोर्ट केल्यावर आजींचा आवाज बदलतो

ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड आणि संपादित करायच्या प्रोग्रॅममध्ये) ऐकताना आजींच्या ओव्या स्वच्छ येतात, पण एमपी३ केल्यावर आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. वर बहुतेकांनी माइक बदला म्हटलंय, ते मला पटत नाही. प्रोजेक्टमध्ये आवाज चांगला आहे म्हणजे माइकने त्याचं काम केलंय.

आधी तेच १६ बिट डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता ठेवणाऱ्या फाइलमध्ये) एक्सपोर्ट करा आणि त्याच कॉम्प्युटरवर, त्याच हेडफोनने ऐका. ते ठीक असेल तर दोष एमपी३च्या बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचा किती डेटा ठेवला त्याचा. एकट्या बोलण्याला मोनोत (एकाच चॅनेलमध्ये) ९६ केबीपीएस (सेकंदाला ९६ किलोबिट) पुरतो. फार खाली गेलात की 'स', 'श' आधी बिघडतात. डब्ल्यूएव्हीच फाटत असेल तर आवाजाची पातळी बघा. ऑडॅसिटी आतून ३२ बिट फ्लोटमध्ये काम करते, म्हणून शून्य डेसिबलच्या (१६ बिट फाइलच्या कमाल मर्यादेच्या) वर गेलेला आवाज प्रोजेक्टमध्ये शाबूत असतो, १६ बिट फाइलमध्ये मात्र कायमचा कापला जातो. एक्सपोर्टआधी उणे ३ डेसिबलवर नॉर्मलाइझ करा, म्हणजे सर्वांत मोठा आवाज तिथपर्यंतच राहील.

ब्लूटूथ हेडसेट वापरत असाल तर तो बाजूला ठेवा. त्याचा माइक चालू झाला की तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि ऐकू येणारा आवाजही खालावतो. तारेचाच घ्या.

आमच्याकडे इंदूरच्या रामबागेतही वयस्कर मंडळींची गाणी अशीच उतरवून घेणं चालू आहे. इंदुरी मराठीतला तो माळवी हेल पुन्हा मिळायचा नाही, म्हणून कळकळीने सांगते: मूळ डब्ल्यूएव्ही दोन ठिकाणी ठेवा, एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवायला. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा.