विषय: क्रिस्टात तीन कार सीट आणि आठ माणसं, जरा लवकर सांगा

उदगीरची लेक:

मंडळी नमस्कार, पुढच्या शुक्रवारी अमेरिकेतून निघायलोत. येळवस (वेळ अमावस्या) यावेळेस औशालाच करायची ठरलंय त्यामुळं हैदराबादला उतरून थेट औसा. गाडी इनोव्हा क्रिस्टा सांगितलीय, मधल्या रांगेत दोन सुट्या सीटा असलेली. लेकरं तुम्हाला माहितेत, धाकटी 7 महिन्यांची, मागं तोंड करून बसायची सीट, मधला साडेतीनचा, त्याला पाच पट्ट्यांची, थोरली 6 ची, तिला बुस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून खाली ठेवायची उंच बैठक. अडचण अशी की मामा आणि आत्याबाई, म्हणजे माझे सासरे आणि सासूबाई, दोघंही विमानतळावर घ्यायला येणारच म्हणायलेत. म्हणजे ड्रायव्हर धरून आठ जण आणि सीटा सात. ड्रायव्हर म्हणतो ताई त्यात काय, धाकटीला मांडीवर घ्या. आत्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिसऱ्या रांगेत त्यांना चढवत नाही, आणि मधल्या सीटवर कार सीट आवळून बसवली की ती सीट पुढं दुमडत नाही, मग मागं जायचं कुठून? रात्री दोन वाजता विमानतळाबाहेर सामान घेऊन हे ठरवायची माझी इच्छा नाही. कुणी केलंय का असं?

नांदेडवाला:

आठ सीटवाली क्रिस्टा मागा, तिच्यात मधे अखंड बाक असतो. पण एक सांगतो, तीन सीटा एका ओळीत बसवायच्या भानगडीत पडू नका. इथं मिनिव्हॅनमध्ये बसतात म्हणून तिकडं बसतील असं नाही. आयसोफिक्सचे, म्हणजे कार सीट अडकवायचे गाडीतले लोखंडी दांडे दोन टोकांच्या जागांनाच असतात, मधलीला नसतात. आणि दोन सीटांच्या मधे बुस्टर ठेवला की थोरलीच्या पट्ट्याचं बकल दोन्ही बाजूनं दबून जातं, लेकराचा हात तिथवर पोचत नाही आणि मोठ्या माणसाचाही नाही. अरुंद सीट घेतली तर गोष्ट वेगळी, डायोनोची रेडियन 17 इंचाची आहे, लोक त्यासाठीच घेतात, पण ती इतकी जड की विमानतळावर खांदा निघून येईल.
सरळ दोन गाड्या करा.

जालन्याचे काका:

> सरळ दोन गाड्या करा

दोन गाड्या म्हणजे दुप्पट भाडं आणि रात्रीच्या वेळी दोन ड्रायव्हर. शिवाय आई-वडील नातवंडांची वर्षभर वाट बघतात, त्यांना दुसऱ्या गाडीत बसवायचं हे मला काही पटत नाही. आम्ही जालना ते औरंगाबाद जीपच्या मागच्या फळीवर बसून शिकलो. पाच-सहा तासांचा प्रश्न आहे, लहान बाळ आजीच्या मांडीइतकं सुखात कुठंच झोपत नाही. ड्रायव्हर ओळखीचा असेल तर त्याला हळू चालवायला सांगा.

परभणीची ताई:

काका, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणूनच स्पष्ट लिहितेय. मांडीवर नाही म्हणजे नाही. हिशोब करून बघा. गाडी ताशी 50 ने चाललीय आणि कशावर तरी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 8 किलोचं लेकरू त्या क्षणाला हाताला 100 किलोच्या वर जड होतं. कुठल्या आजीचे हात तेवढं धरणार आहेत? हळू चालवून समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर हळू होत नाही, आणि या दिवसांत लातूर भागात रात्रीचे उसाचे ट्रॅक्टर बिनदिव्याचे असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. कायदा म्हणाल तर तोही आहे, 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात कलम 194ब आलंय, 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर 1000 रुपये दंड. कुणी पकडत नाही हा भाग वेगळा.

आता मूळ प्रश्नावर. लेकी, क्रिस्टा सांगितली तरी ऐनवेळी जुनी इनोव्हा पाठवतात आणि तिच्यात आयसोफिक्स मिळेल या भरवशावर राहू नकोस. मग सीट गाडीच्या पट्ट्यानं बसवावी लागते आणि तिथं आपली अमेरिकेतली माणसं अडकतात. इथल्या गाड्यांचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला की कटकट आवाज करत आत जातो आणि लॉक होतो, 1996 च्या मॉडेलपासून इथं ती सोय सक्तीची आहे. तिकडच्या गाड्यांत बहुतेक ती नसते. तिकडचा पट्टा फक्त झटका बसला की अडतो, एरवी सैल होत राहतो. तुम्ही गुडघा टेकवून जोर लावून सीट आवळाल आणि जहिराबादपर्यंत ती हलायला लागेल. त्याला उपाय दोनच, एकतर सीटवरच पट्टा चिमटून धरायची सोय हवी, नाहीतर लॉकिंग क्लिप, इंग्रजी एच अक्षरासारखा लोखंडी तुकडा. खांद्याचा आणि कमरेचा पट्टा एकत्र धरून बकलपासून इंचभर अंतरावर ती अडकवायची. जुन्या सीटांच्या पाठीला चिकटवलेली असायची, आता मागवावी लागते. बसवून झाल्यावर पट्टा जिथून जातो तिथं सीट धरून हलवायची, एक इंचापेक्षा जास्त हलली तर परत सगळं सोडून पुन्हा. बुस्टरला क्लिप लागत नाही, पण खांद्यावरून येणारा पट्टा असलाच पाहिजे, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बुस्टर चालत नाही.

हिंगोलीकर:

जहिराबादवरून जाणार का? बिदरच्या पुढं भालकी-निलंगा करून औसा जवळ पडतं, उदगीरला कशाला वळसा घालता. आमचे पाहुणे दरवेळी तिकडूनच येतात.

नांदेडवाला:

उदगीरचा रस्ता रात्री बरा. वस्ती आहे, चहा मिळतो, लेकरांना उतरवायला जागा आहे. आणि तिचं माहेर उदगीरला आहे, ती वळसा घालणारच.

खजिनदार:

या निमित्तानं सर्वांना परत कळवते. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या कपाटात दोन बुस्टर आणि एक हलकी प्रवासाची सीट आहे, ती भारतात जाणाऱ्या कुटुंबांसाठीच ठेवलीय, पण नोंदवहीत नाव लिहूनच न्यायची. गणपतीत कुणीतरी कपाट उघडून एक बुस्टर परस्पर नेला तो अजून परत आलेला नाही. किल्ली माझ्याकडेच राहील. पाहिजे असेल तर मला फोन करा, गटावर "मी घेतली" असं लिहून चालणार नाही.

परभणीची ताई:

> एक हलकी प्रवासाची सीट आहे

ती सीट देऊ नका. मी संक्रांतीला बघितली, तिच्या खालच्या बाजूला प्लास्टिकवर छापलेली मुदत संपलीय. सीटांना मुदत असते, साधारण 6 ते 10 वर्षं, उन्हात तापून प्लास्टिक आणि पट्टे कमकुवत होतात. शिवाय ती कुणाच्या गाडीत अपघातात होती का हे आपल्याला माहीत नाही. कपाटातून काढून पट्टे कापून टाका म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही.

खजिनदार:

ताई, ती सीट मंडळाला देणगी म्हणून आलेली आहे, समितीच्या बैठकीत विषय घेतल्याशिवाय मी पट्टे कापू शकत नाही. तोवर वेगळी बांधून ठेवते आणि वर चिठ्ठी लावते.

उदगीरची लेक:

सीटा माझ्या मी नेतेय, कपाटातलं काही नको. काल ड्रायव्हरला व्हिडिओ कॉल लावून गाडी दाखव म्हणलं. गाडी क्रिस्टाच आहे, बरं झालं. पण सगळ्या सीटांना जाड रेक्झिनची कव्हरं शिवलेली आणि मागच्या रांगेची बकलं कव्हरच्या खाली दाबून टाकलेली, पट्टा आहे पण अडकवायला काही दिसतच नाही. मधल्या सीटच्या फटीत बोटं घाल म्हणलं तर तिथंही कव्हर. शेवटी त्यानं मागून नाडी सोडली तेव्हा दोन दांडे दिसले. त्याला सांगितलंय की कव्हरं काढूनच ये, धुऊन देते म्हणलं तरी चालेल. तुम्ही कुणी गाडी ठरवणार असाल तर आधी बकलं वर काढून दाखवायला सांगा, विमानतळावर ते जमत नाही.

आता बसायचं असं डोक्यात आहे. मधल्या रांगेत डावीकडं धाकटी, उजवीकडं मधला, दोघंही त्या दांड्यांवर, आपल्या अमेरिकन सीटांचे लॅचचे (सीट अडकवायचे) हुक त्यांना बसतात. मधे जायला जागा राहते म्हणून सीट दुमडायची गरज नाही. मागच्या रांगेत मी आणि थोरली, तिचा बुस्टर खिडकीकडं. धाकटीची सीट मागं तोंड करून आहे त्यामुळं तिचं तोंड माझ्याकडंच येतं, बाटली हातात देता येईल, रडली तर मी दिसेन. पुढं बसले असते तर तिला फक्त आवाज ऐकू आला असता. मागच्या रांगेत उरलेल्या जागेत बॅगा, बाकीच्या कॅरियरवर ताडपत्री टाकून. हे पुढं ड्रायव्हरजवळ. यात मामा-आत्याबाईंना जागा नाही, आणि त्यांना कसं सांगायचं ते कळेना. आत्याबाई फोनवर काही बोलल्या नाहीत, नुसतं "बरं" म्हणल्या.

जालन्याचे काका:

मामांना पुढं बसवा आणि जावईबापूंना दुसऱ्या गाडीनं येऊ द्या. म्हाताऱ्या माणसाचा मान राहतो.

औंढ्याची वहिनी:

मान गाडीत पुढं बसून राहत नाही काका. अगं, आत्याबाई गाडीत असल्या तर दारात भाकरतुकडा कोण ओवाळणार? लेकरू पहिल्यांदा घरी येतंय. तू फोन करून असंच सांग, की तुम्ही दारात पाहिजेत, धाकटीवरून भाकरतुकडा तुमच्याच हातानं ओवाळून टाकायचाय, मी दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. हे मनापासून सांग, उगी समजूत काढायला म्हणून नको, कारण ते खरंच त्यांचंच काम आहे. आमच्या सासूबाई त्यासाठी पहाटे चारला न्हाऊन बसल्या होत्या. मामांना यायचंच असेल तर उदगीरपर्यंत येऊ देत, तुझ्या माहेरी चहाला थांबतील, तिथून गाडीच्या मागं-पुढं येतील.

आणि पहाटे बिदरच्या पुढं गारठा लागतो, तरी लेकरांना जाड जॅकेट घालून पट्ट्यात बसवू नको, पट्टा वरून घट्ट दिसतो पण आत सैल असतो. आधी पट्टा आवळायचा, छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत, आणि वरून गोधडी.

हिंगोलीकर:

मामा निलंग्याला थांबले तरी चालेल, तो रस्ता घेतला तर.

परभणीची ताई:

मांडणी अगदी बरोबर आहे, धाकटीला पुढच्या सीटवर कधीच नको, तिथं एअरबॅग असते. साडेतीनच्या सीटचा वरचा पट्टा, टॉप टेथर, मोकळा लोंबकळत ठेवू नको, ड्रायव्हरला सीटच्या पाठीमागं हुक कुठाय ते आजच विचारून घे. क्लिप मात्र दोन ने. येळवशीला शेतावर भावकीच्या कुणाच्या तरी बोलेरोत जाशील तेव्हा दांडे नसणार. धाकटीच्या सीटचा बेस, म्हणजे गाडीत खाली बसवून ठेवतो तो भाग, इथंच ठेव, बहुतेक सीटा बेसशिवाय पट्ट्यानं बसतात, तुझ्या पुस्तिकेत बघ. माझ्याकडं क्लिप पडून आहेत.

उदगीरची लेक:

आत्याबाईंशी बोलले. भाकरतुकड्याचं म्हणल्यावर त्यांनीच मामांना सांगितलं की तुम्ही उदगीरला थांबा, मी घरीच बरी, आंबील करायचीय. आणि विचारलं, लेकराला त्या सीटमध्ये टोचत तर नाही ना.

ताई, पुस्तिकेत बेसशिवाय पट्ट्यानं बसवायचं चित्र आहे. हुकाचा फोटो ड्रायव्हरनं पाठवलाय, तुम्हाला वेगळा पाठवते, तोच आहे का सांगा. क्लिप न्यायला बुधवारी संध्याकाळी येऊ का?

परभणीची ताई:

फोटो पाठव. बुधवारी सहानंतर ये, सीटही घेऊन ये, माझ्या गाडीत पट्टा सैल ठेवून एकदा क्लिप लावून बघू.